मॅजिकमध्ये आपलं क्रीचर वाचवायचं कसं: हेक्सप्रूफ, वॉर्ड, प्रोटेक्शन, इनडिस्ट्रक्टिबल सगळं नीट समजून घ्या

"माझं क्रीचर इनडिस्ट्रक्टिबल होतं ना, मग गेलं कसं?" मॅजिक: द गॅदरिंग हा कार्डांचा गेम नव्याने खेळायला लागलेला जवळजवळ प्रत्येक जण हा प्रश्न कधी ना कधी विचारतोच, आणि दुसरा ठरलेला प्रश्न म्हणजे "हेक्सप्रूफ असून रॅथ ऑफ गॉडने मेलं, असं कसं चालेल?" चालतं. कारण या गेममध्ये क्रीचरला, म्हणजे तुमच्या बाजूने लढणाऱ्या कार्डाला, सगळ्यापासून वाचवणारी अशी एकच गोष्ट नाहीये, आठ-दहा वेगवेगळी मेकॅनिक्स आहेत आणि त्यातलं प्रत्येक फक्त ठरावीक प्रकारचा हल्ला अडवतं, बाकीच्या हल्ल्यांशी त्याला काही देणंघेणं नसतं.

म्हणून मेकॅनिक्सची नावं पाठ करण्याआधी एक सवय लावून घ्या, समोरच्याने कार्ड टाकलं की त्यावर नेमकं काय करायला सांगितलंय ते क्रियापद वाचा. मर्डर म्हणतं टार्गेट क्रीचर (नेम धरून निवडलेलं) डिस्ट्रॉय करा, म्हणजे ते मरून ग्रेव्हयार्डात, वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात जातं. लाइटनिंग बोल्ट म्हणतं टार्गेटला ३ डॅमेज. स्वोर्ड्स टू प्लोशेअर्स टार्गेट क्रीचर एक्झाइल करतं, म्हणजे गेममधूनच बाहेर काढतं. रॅथ ऑफ गॉड सगळी क्रीचर डिस्ट्रॉय करतं पण टार्गेट कोणालाच करत नाही. टॉक्सिक डेल्यूज सगळ्यांना मायनस एक्स मायनस एक्स देतं, म्हणजे टफनेसच (क्रीचर किती डॅमेज सोसतं तो आकडा) खाली आणतं. डायबॉलिक इडिक्ट तर क्रीचरकडे बघतच नाही, ते प्लेयरला टार्गेट करून सांगतं की तुझं एक क्रीचर सॅक्रिफाइस कर, म्हणजे स्वतःच ग्रेव्हयार्डात टाक. आणि सायक्लॉनिक रिफ्ट ओव्हरलोड करून, म्हणजे जास्तीचा मॅना (कार्ड टाकायची किंमत) देऊन टाकलं तर तुमचा जमिनी (मॅना देणारी कार्डं) सोडून सगळा बोर्ड, म्हणजे टेबलावर मांडलेली कार्डं, हातात परत, कुठे डिस्ट्रॉय नाही, डॅमेज नाही, टार्गेट नाही. ही सहा-सात कार्डं डोक्यात ठेवा, पुढचं प्रत्येक मेकॅनिक आपण यांच्यासमोर उभं करून बघणार आहोत.

टार्गेटच करू न देणारी मंडळी

शराउड आणि हेक्सप्रूफ दोन्हींचं काम एकच, टार्गेट होऊ न देणं. फरक एवढाच की शराउड असलेल्या क्रीचरला कोणीच टार्गेट करू शकत नाही, तुम्ही स्वतःसुद्धा नाही, आणि हेक्सप्रूफमध्ये फक्त समोरच्याला बंदी असते. शराउडला कीवर्ड म्हणून नाव मिळालं २००७ च्या फ्यूचर साइट सेटमध्ये आणि हेक्सप्रूफला २०११ च्या मॅजिक २०१२ मध्ये, पण दोन्ही गोष्टी त्याआधीपासून कार्डांवर लांबलचक वाक्यात लिहिलेल्या असायच्या, ट्रोल असेटिक बघा, २००३ च्या मिरॉडिनमधलं कार्ड आहे आणि ते हेक्सप्रूफच होतं फक्त तेव्हा तसं म्हणत नव्हते.

हा छोटा दिसणारा फरक कमांडर (चौघांनी खेळायचा प्रकार, त्यात प्रत्येकाचं एक मुख्य क्रीचर असतं, त्यालाही कमांडरच म्हणतात) खेळताना फार जाणवतो. लाइटनिंग ग्रीव्ह्ज (क्रीचरला घालायची इक्विपमेंट) शराउड देतात आणि इक्विप करायला, म्हणजे अंगावर चढवायला, शून्य मॅना, स्विफ्टफूट बूट्स हेक्सप्रूफ देतात आणि इक्विपला एक मॅना. नवीन माणूस शून्य बघून ग्रीव्ह्ज उचलतो आणि मग कमांडरवर ऑरा (क्रीचरला चिकटणारं जादूचं कार्ड) लावायची वेळ आली की अडकतो, कारण ऑरा टाकताना टार्गेट करावं लागतं आणि शराउड तर स्वतःलाही नाही म्हणतंय. यावर उपाय आहे, बोर्डवर दुसरं एखादं छोटं क्रीचर असेल तर शून्य मॅनात ग्रीव्ह्ज त्याच्यावर सरकवा, मग कमांडरवर ऑरा लावा, मग ग्रीव्ह्ज परत आणा. पण दुसरं क्रीचर नसेल तर ग्रीव्ह्ज काढून ठेवायला जागाच नाही आणि तुम्ही फसलात. माझं मत विचाराल तर ऑरा आणि पंप स्पेलवर (क्रीचरची ताकद वाढवणाऱ्या जादूवर) चालणाऱ्या डेकमध्ये बूट्सच घ्या, आणि ज्या कमांडरला नुसतं जिवंत राहून टॅप व्हायचंय (आडवं होऊन आपली एबिलिटी वापरायचीय) त्याला ग्रीव्ह्ज.

आता वरच्या यादीसमोर हेक्सप्रूफ उभं करा. मर्डर, बोल्ट, स्वोर्ड्स तिन्ही बाद, कारण तिघांनाही टार्गेट लागतं. रॅथ, डेल्यूज, ओव्हरलोड केलेलं रिफ्ट तिन्ही आरामात लागू पडतात. इडिक्टही लागू पडतं कारण त्याचं टार्गेट तुम्ही आहात, तुमचं क्रीचर नाही. हे शेवटचं लोकांना पटायला वेळ लागतो पण पटवून घ्या, कारण मॉडर्न या फॉरमॅटमधल्या (खेळायच्या प्रकारातल्या) बोगल्स डेकची सगळी गंमत आणि सगळी भीती इथेच आहे. त्या डेकमध्ये स्लिपरी बोगल किंवा ग्लेडकव्हर स्काउट असं एका मॅनाचं १/१ (ताकद एक, टफनेस एक) हेक्सप्रूफ क्रीचर आणायचं, मग त्यावर इथीरियल आर्मर, रॅन्कर, डेब्रेक कोरोनेट असे ऑरा चढवत जायचं, समोरच्याच्या हातातले सगळे रिमूव्हल (क्रीचर काढून टाकणारे) स्पेल नुसते बसून राहतात. आणि मग इडिक्ट येतं. म्हणून तर त्या डेकमध्ये ड्रायड आर्बर ठेवतात, ती जमीनही आहे आणि क्रीचरही, सॅक्रिफाइस करा म्हटलं की ती पुढे करायची आणि बोगल वाचतं.

हेक्सप्रूफ प्लेयरलाही मिळू शकतं हे बरेच जण विसरतात. लेलाइन ऑफ सँक्टिटी तुम्हाला स्वतःला हेक्सप्रूफ करतं, मग इडिक्ट तुमच्यावर टाकताच येत नाही, थॉटसीझसारखे हातातलं कार्ड काढणारे स्पेलही नाहीत, बोल्ट तुमच्या चेहऱ्यावर मारता येत नाही. पण समोरच्याच्या कार्डावर "प्रत्येक ऑपोनंट" असं लिहिलं असेल तर तिथे टार्गेट नाही, ते लागणारच.

आणखी एक, हेक्सप्रूफ मागे जाऊन काही पुसत नाही. क्रीचरवर आधीच समोरच्याचा पॅसिफिझम (क्रीचरला लढू न देणारा ऑरा) बसलाय आणि तुम्ही नंतर हेक्सप्रूफ दिलंत तर पॅसिफिझम तिथेच राहतो, तो लागताना टार्गेट केलं होतं, आता नुसता चिकटलेला आहे.

वॉर्ड आला २०२१ मध्ये, स्ट्रिक्सहेवन सेटपासून, आणि मला विचाराल तर या सगळ्यात हे सगळ्यात चांगलं डिझाइन केलेलं मेकॅनिक आहे. हेक्सप्रूफ असलं की समोरच्याला काही करताच येत नाही आणि गेम एकतर्फी होतो, दोन जण शेजारी बसून आपापला पत्त्यांचा डाव लावतायत असं वाटायला लागतं. वॉर्ड दार बंद करत नाही, तो पैसे मागतो. टार्गेट कर, पण वरती दोन मॅना दे, नाहीतर तुझा स्पेल काउंटर, म्हणजे रद्द. टोलेरियन टेररचा वॉर्ड २ आहे, सेजमूर विचचा वॉर्ड ३ लाइफ मागतो, ग्रेव्हयार्ड ट्रेसपासरचा वॉर्ड हातातलं एक कार्ड टाकायला लावतो. म्हणजे समोरच्याकडे पर्याय राहतो पण तुम्हालाही काहीतरी मिळतं.

वॉर्डचं काम नेमकं कसं चालतं हे समजून घ्या कारण इथे तीन ठिकाणी लोक चुकतात. वॉर्ड ट्रिगर होतो, म्हणजे समोरच्याने टार्गेट केलं त्या क्षणी ट्रिगर आपोआप स्टॅकवर (अंमलात यायची वाट बघणाऱ्या स्पेलच्या चळतीत) स्पेलच्या वर जाऊन बसतो आणि आधी सुटतो, म्हणजे अंमलात येतो, तेव्हा पैसे मागतो. त्यामुळे एक, स्पेल टाकून झाल्यावर तुम्ही उत्तर म्हणून आपल्या क्रीचरला वॉर्ड दिलात तर उपयोग शून्य, टार्गेट होऊन गेलंय, ट्रिगरचा क्षण निघून गेला. हेक्सप्रूफ मात्र उत्तर म्हणून दिलेलं चालतं. दोन, जो स्पेल काउंटरच होऊ शकत नाही त्याच्यापुढे वॉर्ड काही करू शकत नाही, अब्रप्ट डिकेने टोलेरियन टेररला नाही पण तीन किंवा कमी किमतीच्या वॉर्डवाल्या क्रीचरला टार्गेट केलं आणि वॉर्डचे पैसे दिलेच नाहीत तरी ते मरतंच. तीन, तुम्ही समोर बसलेले असाल तर स्पेल टाकायच्या आधी मॅना मोजा, तीन मॅनाचा मर्डर टेररवर टाकायचा तर तो पाच मॅनाचा स्पेल आहे असंच समजायचं, आणि पाच नसतील तर टाकूच नका.

प्रोटेक्शन, म्हणजे सगळ्यात जुनं आणि सगळ्यात जास्त भांडणं लावणारं

हे १९९३ च्या पहिल्या सेटपासून आहे, व्हाइट नाइटला प्रोटेक्शन फ्रॉम ब्लॅक आणि ब्लॅक नाइटला प्रोटेक्शन फ्रॉम व्हाइट, दोघं एकमेकांसमोर उभे. मॅजिक काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्टने २०१५ मध्ये ते नेहमीच्या कीवर्डांमधून बाहेर काढलं होतं कारण नवीन लोकांना समजावताना नाकीनऊ यायचे, आणि मग २०१९ च्या कोअर सेट २०२० पासून परत आणलं.

प्रोटेक्शन फ्रॉम रेड म्हणजे चार गोष्टी, चारच, पाचवी नाही. लाल सोर्सचं डॅमेज त्याला होत नाही, पूर्ण प्रिव्हेंट होतं. लाल ऑरा किंवा लाल इक्विपमेंट त्याला लागू शकत नाही. लाल क्रीचर त्याला ब्लॉक करू शकत नाही. लाल स्पेल किंवा लाल सोर्सची एबिलिटी त्याला टार्गेट करू शकत नाही. डॅमेज, चिकटणं, ब्लॉक, टार्गेट. बोटांवर मोजून ठेवा.

आता यातून जे निघतं ते बघा. तुमच्या क्रीचरला प्रोटेक्शन फ्रॉम व्हाइट आहे आणि समोरच्याने रॅथ ऑफ गॉड टाकलं, पांढरं कार्ड आहे, तरी क्रीचर मरतं. का? रॅथ टार्गेट करत नाही, डॅमेज करत नाही, चिकटत नाही, ब्लॉक करत नाही, ते डिस्ट्रॉय करतं आणि डिस्ट्रॉय हा शब्द चारात कुठेच नाही. उलट ब्लास्फेमस अ‍ॅक्ट प्रत्येक क्रीचरला १३ डॅमेज करतं, टार्गेट करत नाही, पण ते लाल सोर्सचं डॅमेज आहे म्हणून प्रोटेक्शन फ्रॉम रेड असलेलं क्रीचर सगळ्या बोर्डच्या राखेत एकटं उभं राहतं. हेक्सप्रूफ असतं तर तेही गेलं असतं. इथेच कळतं की "कोण जास्त स्ट्राँग" हा प्रश्नच चुकीचा आहे.

ब्लॉकचा मुद्दा एकाच बाजूने चालतो. प्रोटेक्शन फ्रॉम रेडवालं क्रीचर अटॅक करत असेल तर लाल क्रीचर त्याला ब्लॉक करू शकत नाहीत. पण ते स्वतः लाल क्रीचरला ब्लॉक करू शकतं आणि त्याला काही लागत नाही. फक्त समोरच्या लाल क्रीचरला ट्रॅम्पल असेल तर सावध, डॅमेज वाटताना प्रोटेक्शन धरत नाहीत, तुमच्या ब्लॉकरच्या टफनेसएवढं त्याला वाटलं की बाकीचं सरळ तुमच्यावर येतं, ब्लॉकरवरचं नंतर प्रिव्हेंट होतं ही गोष्ट वेगळी.

प्रोटेक्शन मित्र-शत्रू बघत नाही हे तर कोरून ठेवा. गॉड्स विलिंग एका मॅनात तुमच्या क्रीचरला हव्या त्या रंगापासून प्रोटेक्शन देतं. समोरच्याने स्वोर्ड्स टाकलं, तुम्ही घाईने पांढरा रंग सांगितला, स्वोर्ड्स वाया गेलं, छान, पण क्रीचरवर तुमचे स्वतःचे दोन पांढरे ऑरा होते ते दोन्ही गळून ग्रेव्हयार्डात गेले. तरी बहुतेक वेळा हा सौदा परवडतो कारण नाहीतर क्रीचर आणि ऑरा दोन्ही गेले असते. याची चांगली बाजू म्हणजे समोरच्याचा पॅसिफिझमही असाच गळतो, जे हेक्सप्रूफला जमत नाही. आणि इक्विपमेंट बहुतेक बिनरंगी असतात त्यामुळे ती टिकतात.

गॉड्स विलिंगसारखी कार्डं नुसती बचावाला नसतात हेही लक्षात घ्या, समोर सगळे हिरवे ब्लॉकर असतील तर ब्लॉक ठरवायच्या आधी हिरव्यापासून प्रोटेक्शन द्या, कोणीच अडवू शकत नाही. ब्लॉक जाहीर झाल्यावर दिलंत तर ब्लॉक तसाच राहतो, क्रीचर वाचेल पण डॅमेज प्लेयरपर्यंत जाणार नाही.

या घराण्यातलं सगळ्यात लाडकं कार्ड म्हणजे मदर ऑफ रून्स, १९९९ च्या अर्झाज लेगसीमधलं, एक मॅना, १/१, टॅप केलं की तुमच्या कुठल्याही क्रीचरला हव्या त्या रंगापासून प्रोटेक्शन, दर टर्नला, फुकट. ती बोर्डवर जागी बसलेली असली की समोरच्याला प्रत्येक रिमूव्हल टाकताना दोनदा विचार करावा लागतो आणि बरेचदा तो टाकतच नाही, न वापरताच तिने काम केलेलं असतं.

मार बसतो पण मरत नाही

इनडिस्ट्रक्टिबल २००४ च्या डार्कस्टीलमध्ये आलं आणि २०१३ मध्ये नीट कीवर्ड झालं. अर्थ इतकाच की डिस्ट्रॉय म्हटलं तरी होत नाही आणि जीवघेण्या डॅमेजनेही मरत नाही, डेथटचनेही (ज्याचं एक डॅमेजही जीवघेणं असतं) नाही, कारण डेथटचसुद्धा शेवटी डिस्ट्रॉयच करतं. यादीसमोर उभं करा: मर्डर बाद, बोल्ट बाद, रॅथ बाद. स्वोर्ड्स लागू, इडिक्ट लागू, रिफ्ट लागू, आणि डेल्यूजही लागू. डेल्यूज का? टफनेस शून्य झालं की क्रीचर डिस्ट्रॉय होत नाही, ते सरळ ग्रेव्हयार्डात ठेवलं जातं, हा वेगळा नियम आहे. म्हणून इन्फेक्ट आणि विदरवाली क्रीचर मायनस वन मायनस वन काउंटर (इथे काउंटर म्हणजे कार्डावर ठेवायची खूण) टाकून इनडिस्ट्रक्टिबल डार्कस्टील कोलोससलाही हळूहळू खाली आणू शकतात. आणि एकाच नावाची दोन लेजेंडरी तुमच्याकडे झाली तर एक ठेवून दुसरं ग्रेव्हयार्डात टाकावं लागतं, तिथेही इनडिस्ट्रक्टिबल मदतीला येत नाही.

डॅमेज मात्र त्याच्या अंगावर टर्न संपेपर्यंत राहतं. ४/४ इनडिस्ट्रक्टिबलला ६ डॅमेज झालं आणि त्याच टर्नमध्ये कोणी त्याचं इनडिस्ट्रक्टिबल काढून घेतलं तर लगेच मरतं. बोरॉस चार्मसारखं टर्न संपेपर्यंतचं इनडिस्ट्रक्टिबल असेल तर तेवढी भीती नाही, टर्नच्या शेवटी डॅमेज आणि ते इनडिस्ट्रक्टिबल एकाच वेळी पुसलं जातं.

रिजनरेशन जुन्या कार्डांवर भेटेल, ड्रज स्केलेटन्स वगैरे, आता नवीन सेटमध्ये देत नाहीत. ते आधी चालवून ठेवावं लागतं, मग त्या टर्नमध्ये डिस्ट्रॉय व्हायची वेळ आली की त्याऐवजी क्रीचर टॅप होतं, डॅमेज पुसलं जातं आणि कॉम्बॅटमधून बाहेर पडतं. रॅथ ऑफ गॉडवर "रिजनरेट करता येणार नाही" असं लिहिलेलं दिसतं ते यासाठी.

अम्ब्रा आर्मर हे ऑरावर असतं, २०१० मध्ये आलं तेव्हा नाव टोटेम आर्मर होतं, २०२४ पासून अम्ब्रा आर्मर म्हणतात. क्रीचर डिस्ट्रॉय व्हायची वेळ आली की त्याच्याऐवजी ऑरा जातो. हायना अम्ब्रा एका मॅनाचा आहे, बोगल्समध्ये दिसतो, आणि बरोबरच आहे, कारण हेक्सप्रूफला जे रॅथ मारतं तेच अम्ब्रा अडवतो. एकाची कमी दुसऱ्याने भरून काढायची, डेक असाच बांधायचा असतो.

शील्ड काउंटर २०२२ च्या स्ट्रीट्स ऑफ न्यू कपेनामधले. डॅमेज होणार असेल किंवा डिस्ट्रॉय होणार असेल तर एक काउंटर जातो आणि ती गोष्ट होत नाही. एका डॅमेजनेही काउंटर जातो हे समोरच्याला माहीत असलं तर तो आधी छोटंसं काहीतरी मारून शील्ड उतरवेल आणि मग मोठा स्पेल टाकेल, तुम्ही समोर असाल तर तुम्हीही हेच करा.

तिथून निघूनच जायचं

फेझिंग १९९६ च्या मिराजमधलं जुनं मेकॅनिक आहे, बरीच वर्षं अडगळीत पडलं होतं, आता बचावासाठी पुन्हा वापरात आलंय. फेझ आउट झालेलं क्रीचर बोर्डवर असून नसल्यासारखं असतं, कोणी टार्गेट करू शकत नाही, रॅथ बघत नाही, डेल्यूज बघत नाही, रिफ्ट बघत नाही, इडिक्टला पुढे करता येत नाही. तुमच्या पुढच्या अनटॅप स्टेपला (टर्नच्या सुरुवातीला) ते परत येतं, अंगावरचे ऑरा, इक्विपमेंट, काउंटर सगळं जसंच्या तसं, टोकनसुद्धा (डेकमधल्या कार्डाशिवाय बनवलेली क्रीचर) परत येतात. स्लिप आउट द बॅक एका निळ्या मॅनात एका क्रीचरला वर एक काउंटर देऊन फेझ आउट करतं. टेफेरीज प्रोटेक्शन तीन मॅनात तुमचं सगळंच्या सगळं फेझ आउट करतं, शिवाय तुमच्या पुढच्या टर्नपर्यंत तुमचं लाइफ बदलत नाही आणि तुम्हाला सगळ्यापासून प्रोटेक्शन. कमांडरमध्ये याच्याइतकं पूर्ण उत्तर दुसरं क्वचितच असेल. फक्त जमिनीही फेझ आउट होतात, म्हणजे तुमचा टर्न येईपर्यंत तुम्ही नुसते बघत बसणार, त्यामुळे दुसरा काही इन्स्टंट (कधीही टाकता येणारा स्पेल) टाकायचा असेल तर आधीच मॅना काढून घ्या.

फ्लिकर हा त्याचा चुलत प्रकार, इफेमरेट किंवा क्लाउडशिफ्टने क्रीचर एक्झाइल होऊन लगेच परत येतं. परत आलेलं क्रीचर गेमच्या दृष्टीने नवीनच असतं म्हणून जुना स्पेल त्याला शोधू शकत नाही, आणि बोर्डवर आल्यावर होणारा ट्रिगर परत मिळतो. पण ऑरा आणि काउंटर गेले, टोकन असेल तर ते परत येतच नाही. आणि रॅथसमोर फ्लिकर करून काही होत नाही, क्रीचर रॅथ सुटायच्या आधीच परत येऊन उभं राहतं आणि बाकीच्यांबरोबर मरतं.

कधी टाकायचं

कार्ड कुठलं ठेवायचं यापेक्षा कधी टाकायचं यावर जास्त गेम जिंकले-हरले जातात असं मला ठामपणे वाटतं. स्टॅकवर शेवटी आलेलं आधी सुटतं. समोरच्याने बोल्ट टाकला, त्यावर तुम्ही स्नेकस्किन व्हेल टाकलं, व्हेल आधी सुटलं, क्रीचरला हेक्सप्रूफ मिळालं, आता बोल्ट सुटायला आला तर त्याचं टार्गेटच बेकायदा झालंय, सगळी टार्गेटं बेकायदा असतील तर स्पेल सुटतच नाही, त्यावर खाली "एक कार्ड काढा" लिहिलं असलं तरी ते कार्डही समोरच्याला मिळत नाही. दोन टार्गेट असलेल्या स्पेलचं एकच बेकायदा झालं तर मात्र उरलेलं काम होतं.

तेव्हा व्हेल आधीच टाकून ठेवू नका. टर्नच्या सुरुवातीला "सेफ राहील" म्हणून टाकलंत तर समोरचा उत्तर म्हणून तिथेच बोल्ट मारेल, किंवा नुसता थांबेल आणि पुढच्या टर्नला मारेल, तुमचं कार्ड गेलं ते गेलंच. समोरच्याचा स्पेल स्टॅकवर आला की मग टाका, म्हणजे त्याचा मॅनाही गेला आणि कार्डही. अपवाद एकच, स्प्लिट सेकंड. सडन शॉकसारखा स्प्लिट सेकंडवाला स्पेल स्टॅकवर असताना तुम्ही स्पेल टाकू शकत नाही, त्यापुढे हातातलं व्हेल निरुपयोगी आणि आधीपासून बोर्डवर असलेलं हेक्सप्रूफ मात्र उपयोगी.

ऑरा लावताना आणि इक्विप करतानाचा क्षण सगळ्यात नाजूक असतो. ऑरा स्टॅकवर असताना समोरच्याने क्रीचर मारलं तर क्रीचरही गेलं आणि ऑराही. बूट्स इक्विप करायला एक मॅना दिला, एबिलिटी स्टॅकवर आहे, हेक्सप्रूफ अजून मिळालेलं नाही, समोरचा तिथेच मारणार, त्याला माहीत आहे की ही शेवटची संधी आहे. म्हणून समोरचा टॅप आउट झाल्यावर (त्याचा सगळा मॅना संपल्यावर) करा, आणि तो होतच नसेल तर बचावाच्या स्पेलपुरता एक मॅना मागे ठेवूनच करा. पाच मॅना आहेत म्हणून पाचाचं क्रीचर आणू नका, सहाव्या टर्नला आणा आणि एक मोकळा ठेवा. एक टर्न उशीर होतो पण क्रीचर टिकतं.

अरीनावर (मॅजिकच्या ऑनलाइन आवृत्तीवर) खेळत असाल तर आणखी दोन गोष्टी. जमिनी आपोआप टॅप करणारा ऑटोटॅपर कधीकधी चुकीची जमीन टॅप करतो आणि मागे तुमच्याकडे पांढरा मॅना उरतो पण व्हेलला हिरवा लागतो, महत्त्वाच्या टर्नला जमिनी स्वतः टॅप करा. आणि तुमच्या हातात टाकता येईल असं काही असलं की समोरच्याच्या स्पेलवर गेम क्षणभर थांबतो, मुरलेला खेळाडू ती पॉझ बघतो, त्याला कळतं तुमच्याकडे काहीतरी आहे. त्यामुळे ज्या स्पेलला उत्तर द्यायचंच नाही तिथे पटकन पुढे जा, विचार करत बसू नका.

डेकमध्ये काय घालायचं ते फॉरमॅटवर ठरवा. दोघांच्या साठ कार्डांच्या गेममध्ये एकेका क्रीचरला मारणारे स्वस्त स्पेल जास्त येतात, तिथे एका मॅनाचे स्नेकस्किन व्हेल, तामियोज सेफकीपिंग, गॉड्स विलिंग कामाचे. तामियोज सेफकीपिंग हेक्सप्रूफ आणि इनडिस्ट्रक्टिबल दोन्ही देतं, वर २ लाइफ, त्यामुळे रॅथसमोरही एक क्रीचर वाचतं. चौघांच्या कमांडरमध्ये बोर्ड साफ करणारे स्पेल खूप येतात, तिथे एकट्या हेक्सप्रूफवर भरवसा ठेवू नका. हिरव्यात हिरोइक इंटरव्हेन्शन घ्या, दोन मॅनात सगळ्या बोर्डला हेक्सप्रूफ आणि इनडिस्ट्रक्टिबल. पण फेअरवेल आलं, जे सगळी क्रीचर एक्झाइल करू शकतं, किंवा ओव्हरलोड रिफ्ट किंवा डेल्यूज आलं, तर हिरोइक इंटरव्हेन्शन हातातच ठेवा, टाकून काही होणार नाही, मॅना आणि कार्ड दोन्ही फुकट जातील. तिथे फक्त फेझिंग किंवा काउंटरस्पेल.

समोरच्याचं कवच फोडायचं असेल तर

सगळं हेच उलटं वाचा. हेक्सप्रूफ दिसलं तर टार्गेट न करणारं काहीतरी, इनडिस्ट्रक्टिबल दिसलं तर एक्झाइल, सॅक्रिफाइस किंवा टफनेस कमी करणं, प्रोटेक्शन दिसलं तर दुसऱ्या रंगाचा स्पेल किंवा रॅथ. इडिक्ट टाकायचं असेल तर आधी त्याची छोटी क्रीचर साफ करा, नाहीतर तो टोकन पुढे करेल. शॅडोस्पिअर एका मॅनात समोरच्यांच्या सगळ्या पर्मनंटांचं (बोर्डवरच्या कार्डांचं) हेक्सप्रूफ आणि इनडिस्ट्रक्टिबल टर्नभरासाठी काढून टाकतं, आणि २०२४ च्या डस्कमोर्नमधलं नोव्हेअर टू रन समोरच्याच्या क्रीचरांचं हेक्सप्रूफ निकामी करतं आणि वॉर्डही ट्रिगर होऊ देत नाही, तुमच्या मित्रमंडळात बोगल्स किंवा वॉर्डवाले डेक जास्त असतील तर ही दोन कार्डं जवळ ठेवाच.

हातात दोन रिमूव्हल असतील तर कमी महत्त्वाचा आधी टाका आणि त्याचं व्हेल बाहेर काढा, मग दुसरा. त्याहून चांगलं म्हणजे त्याने व्हेल टाकलं की त्यालाच उत्तर म्हणून दुसरा रिमूव्हल टाका, हेक्सप्रूफ मिळायच्या आधी तो सुटतो. आणि मदर ऑफ रून्स पहिल्या टर्नला समोर आली तर हातातला बोल्ट मोठ्या क्रीचरसाठी राखून ठेवू नका, ती टॅप होऊन काम करते, समोरच्याचा पुढचा टर्न येईपर्यंत तिला टॅप होता येत नाही, त्यामुळे तुमच्या पहिल्याच टर्नला मारा.